पहिल्या झटक्यात सुरू होतो, म्हणे!

पत्र: आम्ही बर्फाच्या मुलखात येऊन दोन हिवाळे झाले आणि दोन्ही फावड्यावर काढले. गेल्या खेपेला नवऱ्याची कंबर धरली, तेव्हा ठरवलं की आता बर्फ हटवायचं यंत्र घ्यायचं. घरापासून रस्त्यापर्यंतची आमची गाडीवाट लांब आहे, निम्मी डांबरी आणि निम्मी खडीची. एक जाहिरात पाहिली आहे: दहा वर्षं वापरलेला, २४ इंची, टू-स्टेज स्नोब्लोअर, 'पहिल्या झटक्यात सुरू होतो'. विकणारे म्हणतात, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, लवकर ठरवा. नवरा म्हणतो, जुनं यंत्र म्हणजे विकतचं दुखणं, त्यापेक्षा छोटा का होईना पण नवा घेऊ. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. बघायला गेले तरी बघू काय?
– फावड्याला कंटाळलेली

ताई,

आधी तुमच्या यजमानांचा मुद्दा निकाली काढू, कारण तो सगळाच चुकीचा नाही. जुनं यंत्र विकतचं दुखणं ठरू शकतं. पण 'छोटा नवा' म्हणजे बहुतेक सिंगल-स्टेज, आणि तो तुमच्या वाटेवर चालायचा नाही. सिंगल-स्टेजमध्ये रबरी पाती थेट जमिनीला घासत फिरतात, तीच बर्फ उचलतात आणि तीच फेकतात. फरशीवर किंवा डांबरावर वीतभर भुसभुशीत बर्फ पडला असेल, तर ते यंत्र झाडल्यासारखं साफ करतं. खडीवर नेलंत तर बर्फाबरोबर खडीही उचलेल, आणि ती कुणाच्या काचेवर जाऊन बसेल ते सांगता येत नाही. शिवाय रस्ता साफ करणारी मोठी गाडी तुमच्या वाटेच्या तोंडाशी जो कडक बांध घालून जाते, त्याच्यापुढे हे छोटं यंत्र मान टाकतं.

टू-स्टेजमध्ये कामाची वाटणी असते. पुढच्या तोंडात आडवा फिरणारा मळसूत्री दांडा, म्हणजे ऑगर, बर्फ फोडून मध्यभागी ओढतो. त्याच्यामागचा पंखा, म्हणजे इम्पेलर, तो बर्फ चूटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या नळकांड्यातून, लांब भिरकावतो. ऑगर जमिनीला टेकत नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी पावलं असतात, ती खालीवर करून तोंड जमिनीपासून किती उचलायचं ते ठरवता येतं. खडीच्या वाटेला हेच लागतं. तेव्हा जात बरोबर निवडलीत, मापही (२४ इंच ही तोंडाची रुंदी) बरोबर आहे. आता हे विशिष्ट यंत्र कसं आहे, एवढाच प्रश्न उरला.

आणि ते संध्याकाळचं गिऱ्हाईक येऊ द्या. पहिला बर्फ पडला की जुन्या यंत्रांचे भाव चढतात आणि अशी गिऱ्हाइकं ठिकठिकाणी उगवतात. बर्फ वितळल्यावर हीच यंत्रं अंगणात अडगळ होऊन पडतात. थांबणं शक्य असेल तर वसंतात घ्या. बर्फ नसताना यंत्र तपासता येत नाही, हा गैरसमज आहे. मी खाली सांगतो त्यातल्या एकाही गोष्टीला बर्फ लागत नाही.

आता 'पहिल्या झटक्यात सुरू होतो' या वाक्याकडे येऊ. ते खोटं असेल असं मी म्हणत नाही, पण त्यातून फार काही कळत नाही. यंत्र सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे टाकीत पडून राहिलेलं जुनं पेट्रोल. ते कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, बारीक भोकांत चिकट होऊन बसतं. इथेनॉल मिसळलेलं असलं तर हवेतला ओलावाही ओढून घेतं. कार्ब्युरेटर उघडून साफ करता येतो, नाहीतर नवा बसवता येतो, आणि एवढ्या खर्चाने यंत्र मोडीत निघत नाही. उलट इंजिन मांजरासारखं घुरघुरत असताना ऑगर फिरवणारा पुढचा गिअरबॉक्स मेलेला असू शकतो.

हे मी स्वतः शिकलो ते असं. माझा पहिला जुना स्नोब्लोअर खरोखरच पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी खूष होऊन घासाघीसही केली नाही. पहिल्याच मोठ्या बर्फात ऑगरच्या तोंडात गोठलेलं लाकडाचं ढलपं आलं, धाडकन आवाज झाला आणि गिअरबॉक्सचं कवच तडकलं. खाली वाकून पाहिलं तेव्हा उमगलं: जिथे तुटण्यासाठीच बनवलेली मऊ पिन असायला हवी होती, तिथे आधीच्या मालकाने हार्डवेअरमधला कडक बोल्ट ठोकला होता. इंजिन त्यानंतरही छान चालत होतं. फक्त त्याला चालवायला काही उरलं नव्हतं.

म्हणून तुम्ही इंजिन शेवटी बघा, आधी ती पिन बघा.

तिला शिअर पिन म्हणतात. ऑगरचे डावा-उजवा असे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग आतल्या दांड्याला एका पिनेने जोडलेला असतो. दगड किंवा बर्फाचा गोळा अडकला की पिन तुटते, ऑगर थांबतो, गिअरबॉक्स वाचतो. विजेच्या फ्यूजचं जे काम, तेच हिचं. विक्रेत्याला सांगा, इंजिन बंद ठेवा, किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा. मग टॉर्च घेऊन तोंडाशी बसा. दोन्ही पिना एकसारख्या दिसतात का? एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला गंजका, जाडा, वेगळ्या डोक्याचा बोल्ट दिसला तर विचारा, हा कुठला? 'तुटत होती म्हणून मजबूत बसवला' असं उत्तर आलं, तर तो माणूस प्रामाणिक आहे, पण यंत्र तुमच्या कामाचं नाही.

पिना बरोबर असल्या तरी परीक्षा संपलेली नाही. एक पिन काढायला सांगा (पाना आणि लहान हातोडी पुरते) आणि ऑगरचा तो भाग हाताने फिरवून पाहा. हातमोजे घाला, पात्यांच्या कडा धारदार होतात. पिन नसताना तो भाग दांड्यावर मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तो गंजून दांड्याला चिकटला आहे, आणि मग पिन कितीही खरी असली तरी ती तुटणारच नाही, कारण जोर तिच्यावर येतच नाही, तो सरळ गिअरबॉक्सवर जातो. चिकटलेला ऑगर सोडवणं म्हणजे तापवणं, तेल घालणं, ठोकणं आणि शिव्या घालणं. यात लोकांचे शनिवार-रविवार गेले आहेत. दरवर्षी ग्रीस भरणाऱ्याच्या यंत्रात हे होत नाही. म्हणजे ही एक तपासणी तुम्हाला यंत्राबरोबर मालकाचीही ओळख करून देते. स्नोब्लोअरला गाडीसारखा किती चालला हे दाखवणारा काटा बहुधा नसतो, तेव्हा अशाच खुणांवरून अंदाज बांधायचा.

पुढे बसलाच आहात तर तिथलं बाकीचंही उरकून घ्या. ऑगरच्या मध्यावर जो लोखंडी गोळा दिसतो तो गिअरबॉक्स. खाली तेलाचा ओला डाग, कवचाला तडा किंवा कुठे वेल्डिंगची जाडी रेघ दिसली तर सावध व्हा. ऑगर धरून पुढे-मागे हलवा. थोडी ढिलाई असतेच, पण ऑगर ऐसपैस हलावा इतकी असेल तर आतले दाते झिजले आहेत. मागे टॉर्च मारून इम्पेलरची पाती वाकली आहेत का पाहा. एखादी काठी आत घालून तो वर-खाली हलवून बघा. खडखडला तर मागचं बेअरिंग गेलं आहे. बेअरिंग बदलता येतं, पण त्यासाठी यंत्र दोन तुकड्यांत उघडावं लागतं.

मग खाली. लोखंडी पावलं आणि तोंडाच्या खालच्या कडेची पट्टी, दोन्ही झिजण्यासाठीच असतात आणि बोल्ट काढून बदलता येतात. त्या झिजलेल्या दिसल्या तर काळजी नको. काळजी तेव्हा, जेव्हा पट्टी पूर्ण संपल्यावरही कुणी यंत्र चालवत राहिलं आणि मूळ पत्र्याचीच कड झिजली. ते परत मिळत नाही. चूटच्या बुडाशी आणि तोंडाच्या खालच्या कोपऱ्यांत गंज खाऊन पत्रा पातळ झाला आहे का, ते अंगठ्याने दाबून पाहा. रस्त्यावरच्या मिठाचा बर्फ उचललेली यंत्रं तिथूनच कुजतात. आणि दहा वर्षांच्या यंत्राचा फक्त पुढचा भाग नव्या रंगाने लखलखत असेल तर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, खाली काय झाकलंय?

आता इंजिन. निघायच्या आधी फोन करून एवढं सांगा: 'मी येण्याआधी यंत्र सुरू करू नका, मला थंड असताना बघायचंय.' गेल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघणं. ऊब लागली, तर आधीच सुरू करून ठेवलंय. त्यामागे वाईट हेतूच असेल असं नाही, काही लोक पाहुण्यासाठी तयारी करतात तसं करतात. पण थंड इंजिन सुरू होतं का, हाच तर तुमचा प्रश्न आहे. भर हिमवादळात पहाटे ते गरम मिळणार नाही. म्हणून पुन्हा येते म्हणून सांगा.

सुरू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी काडी, काढून तेल बघा. काळपट असलं तर नुसतं जुनं आहे. दुधाळ असलं तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा भपकारा आला आणि पातळीही खुणेच्या वर असली, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल झिरपून खाली उतरतंय. तेल बदलल्याशिवाय ते चालवू नये. तेलात चमकणारी धातूची भुकटी दिसली तर पुढचं काही न बघता आभार मानून निघा. एक लक्षात ठेवा, काही जुनी सिंगल-स्टेज यंत्रं टू-स्ट्रोक असतात, त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, तिथे डिपस्टिक शोधत बसू नका. आणि 'टू-स्टेज' व 'टू-स्ट्रोक' यांची गल्लत करू नका. ती विक्रेतेसुद्धा करतात.

मग यंत्र उघड्यावर आणायला लावा. बंद गॅरेजमध्ये कधीच सुरू करू देऊ नका, दार अर्धं उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थंड इंजिनाला चोक (सुरू होताना हवा कमी करणारी कळ) लागणारच. पण दोन-चार मिनिटांत चोक पूर्ण काढल्यावर ते स्थिर चाललं पाहिजे. चोक अर्धा ठेवला तरच चालतं, किंवा आवाज सारखा चढतो-उतरतो, घुर्रर्र-घुर्र, घुर्रर्र-घुर्र, असं असेल तर कार्ब्युरेटर तुंबलाय. हा दोष भाव पाडायच्या कामाचा, यंत्र नाकारायच्या कामाचा नाही. सुरू होताना निळसर धूर येऊन लगेच थांबला तर ठीक. निळा धूर येतच राहिला तर इंजिन तेल जाळतंय, आणि ते दुखणं मोठं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुधा चोक किंवा कार्ब्युरेटर. इंजिन पंधरा मिनिटं चालू द्या, बंद करा, आणि गरम असताना पुन्हा सुरू करा. बऱ्याच यंत्रांना भिंतीतल्या विजेवर चालणारा स्टार्टर असतो; तो चालवून बघा, पण दोरीनेही सुरू करून बघा. वीज गेल्यावर दोरीच कामाला येते.

ऑगरची लिव्हर दाबली की इंजिनाचा आवाज क्षणभर दबून परत वर आला पाहिजे. दबलेलाच राहिला किंवा इंजिन बंद पडलं तर त्यात दम नाही. इंजिन बंद असताना दोरी ओढून कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जोखायचा जुना उपाय लोक सांगतील. पण बऱ्याच इंजिनांत दोरी हलकी जावी म्हणून आतच सोय केलेली असते, त्यामुळे हाताला कमी जोर लागला म्हणून घाबरू नका.

जुन्या यंत्रांवर टेकम्सीचं इंजिन पुष्कळदा दिसतं. त्या कंपनीने ही इंजिनं बनवणं २००८ च्या अखेरीस थांबवलं. दणकट इंजिनं ती, पण तुम्हाला दाखवलेल्या यंत्रावर ते असेल तर 'दहा वर्षं' हा आकडा तपासून घ्या, कुठेतरी हिशेब चुकतोय. यंत्राच्या पाठीवरच्या पत्र्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. फोनवरच तो मागून घ्या, म्हणजे सुटे भाग मिळतात का हे जायच्या आधीच कळेल. तो पत्रा खरवडून काढलेला असेल, तर यंत्र चोरीचं असू शकतं. तिथे भावाची बोलणीच करू नका.

चाकांकडे लोक बघतच नाहीत. साध्या टू-स्टेजमध्ये इंजिनाने फिरणाऱ्या एका सपाट चकतीवर रबरी कड असलेलं दुसरं चाक घासत असतं. ते चकतीवर जिथे टेकेल त्यावर वेग ठरतो. (काही महाग यंत्रांत ही सोय नसून तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक रचना असते.) रबर झिजलं की यंत्र रिकाम्या अंगणात ऐटीत चालतं आणि बर्फाच्या ढिगाला भिडलं की जागेवर उभं राहतं. म्हणून सगळे वेग, पुढचे आणि मागचेही, चालवून पाहा. वेग बदलताना चालवायची लिव्हर सोडत जा. मग ऑगर बंद ठेवून तोंड एखाद्या पक्क्या कट्ट्याला टेकवा आणि चाकं सुरू करा. चाकं जमिनीवर घसरून फिरली तर रबर धरतंय. इंजिन चालू आणि चाकं मात्र थांबलेली, तर रबर बदलायला आलंय. भाग स्वस्त असतो, पण बसवायची मेहनत भावात धरा.

इंजिनाचा जोर पुढे पोचवणारे रबरी पट्टे चिरलेले किंवा काचेसारखे गुळगुळीत झालेले नकोत. टायरच्या भेगा पाहा. चूट दोन्ही टोकांपर्यंत फिरवून घ्या. याला पाच मिनिटं पुरेत.

लिव्हरना मात्र वेळ द्या. हात सोडला की ऑगर काही सेकंदांत थांबलाच पाहिजे आणि चाकंही. बऱ्याच मोठ्या यंत्रांत चाकांची लिव्हर धरून ठेवली की ऑगरची लिव्हर आपोआप दबलेली राहते, म्हणजे एक हात चूट फिरवायला मोकळा होतो; पण चाकांची लिव्हर सोडताच दोन्ही सुटायला हव्यात. कुणी लिव्हर दोरीने बांधलेली किंवा टेपने चिकटवलेली दिसली, तर ते यंत्र घेऊ नका. आणि तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या: चूट तुंबली की इंजिन बंद असतानाही आत हात घालायचा नाही. पट्ट्यात ताण साठलेला असतो, अडथळा निघताच इम्पेलर झटका मारून फिरतो, आणि तेवढ्यात बोटं जातात. यंत्राबरोबर एक प्लॅस्टिकची काठी येते ती याचसाठी. ती हरवली असेल तर कुठलीही दणकट काठी चालेल.

सगळं बघून झाल्यावर तराजू असा लावा. कार्ब्युरेटर, पट्टे, रबरी चाक, पावलं, पट्टी, टायर यांतलं काही गेलं असेल तर घासाघीस करा आणि घ्या. गिअरबॉक्स, गंजून चिकटलेला ऑगर, कुजलेला पत्रा, तेल जाळणारं इंजिन यांतलं एकही असेल तर भाव कितीही पाडला तरी सोडा. 'फक्त कार्ब्युरेटर साफ करायचा बाकी आहे' असं कुणी म्हणालं, तर हसून विचारा, मग केला का नाहीत? काहींकडे खरंच वेळ नसतो. काहींनी करून पाहिलेला असतो.

ठरलंच, तर घरी कसं न्यायचं याचा विचार आधी करा. २४ इंची टू-स्टेज ९०-१०० किलोच्या घरात जातो; रॅम्प आणि दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक माणूस कंबर धरलेले तुमचे यजमान नकोत. पेट्रोलची कळ बंद करून यंत्र उभंच न्या, आडवं पाडू नका. घरी गेल्यावर जुनं पेट्रोल काढा, तेल आणि स्पार्क प्लग बदला, ऑगरच्या दांड्याला ग्रीस भरा. आणि त्या मॉडेलच्या शिअर पिनांची एक पुडी आजच मागवून हँडलला टेपने लावून ठेवा, कारण पिन तुटते ती नेहमी रात्री, दुकानं बंद झाल्यावर.